लपवलेला मेनू

कसब्यातल्या अक्षरजुळणीच्या दुकानातले हे गृहस्थ खास आज्ञावली लिहून संगणकाच्या पडद्यावरचे मेनू, बटणे, खिडक्या, सारे काही लपवतात. नजर कामावरून ढळू नये म्हणून, असे सांगत मंडळी याला एकाग्रता म्हणतात. साफ चूक! ते रजेवर असताना माझ्या दिवंगत मित्रावरचा लेख छापून संध्याकाळच्या शोकसभेत वाटायचा होता. दुकानातल्या बाई कोऱ्या पडद्यासमोर हताश बसल्या. त्यांनी या गृहस्थांना फोन लावला.

"अहो, सगळं तिथंच आहे. दिसत नाही, इतकंच."

"मग कसं दाखवायचं, तेवढं सांगा ना!"

"ते मीच येऊन करीन."

स्वारी आली तोवर सभा उरकली होती. त्यांनी एक कळ दाबताच सारे प्रकटले. लेख छापला, आणि उठण्यापूर्वी, बाईंच्या देखत, त्यांनी ते सारे पुन्हा लपवले.

रजेच्या दिवशी एकाग्रता कोणासाठी हवी होती, हे मंडळींनी मला समजावून सांगावे.