पायाशी येतात ते

अमिहान मूळची लागुनाची, तागालोग बोलणारी. शिकायला मात्र ती विसायांच्या बेटावर आली होती, तिथली बोली वेगळी. डॉक्टरकीच्या शाळेत जाण्याआधी त्या उन्हाळ्यात समुद्राकाठच्या रुग्णालयात डॉक्टर अबेलानाबाईंच्या मागे सावलीसारखं राहायचं, एवढंच तिचं काम. कशाला हात लावायचा नाही. रोग्याजवळ बसायचं, ऐकायचं, बाईंना सांगायचं.

तिच्या वाट्याला पेलाग्यो आजोबा आले, सगळ्यांचे लोलो. जन्म मिठागरात गेलेला, अंगात साखर, खाट खिडकीशी. दुपारी समुद्राचा उजेड छतावर हलायचा आणि लोलो पायांकडे बघून मंद हसायचे.

"काय बघता, लोलो?"

"लांगाम," ते म्हणाले. "पायाशी येतात."

तिच्या बोलीत लांगाम म्हणजे मुंगी. तिने चादर झटकली, मुंगी नव्हती. मग तिला पुस्तकातलं आठवलं. साखरेच्या रोग्याच्या पायाला मुंग्या येतात. तिने धावत जाऊन बाईंना सांगितलं, लोलोंच्या पायाला मुंग्या येतात.

बाईंनी येऊन विचारलं, "पायाशी येतात म्हणे. त्रास होतो, लोलो?"

"त्रास कसला? आपलं येतात, बसतात, जातात."

बाई हसल्या. रात्रीपासून नसांचं औषध सुरू झालं. "कान आहे तुला," जाताना त्या म्हणाल्या. अमिहान दिवसभर त्या शब्दावर तरंगत होती.

पण लोलो झोपेत बुडत गेले. हाक मारली की पापणी हलायची, तेवढंच. पेज ओठांवरून ओघळायची. त्यांची मुलगी नेनिता वाटी घेऊन बसून राहायची. "तात्ताय, एक घास. माझ्यासाठी नको, त्या मेल्या पेजेसाठी तरी."

साखरच वाढली असेल, असं सगळे म्हणत होते.

त्या दुपारी नेनिता एकदम म्हणाली, "बघ गं दाय, लांगाम. शितं खातोय लबाड."

अमिहानने खाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती.

"खाली काय बघतेस? खिडकीत."

खिडकीत चिमणी होती.

"याला लांगाम म्हणतात?"

"मग काय म्हशीला म्हणतात? पाखरूच ना ते."

अमिहान उठली. ओसरीपर्यंत जाऊन थांबली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? बाई तिच्यासाठी चार चांगले शब्द लिहून देणार होत्या. आतून नेनिताचा आवाज आला, "एकच घास, तात्ताय."

बाई उभ्या उभ्या केळं खात होत्या.

"बाई, मुंग्या नव्हत्या. पक्षी होते. लोलो पक्षी म्हणत होते, मी मुंग्या ऐकलं."

बाईंचं चावणं थांबलं. "म्हणजे पाय दुखतच नव्हते?"

"नाही. ही गुंगी त्या औषधाचीच असेल, आणि ते माझ्यामुळे चाललंय."

"तुझ्यामुळे नाही. लिहून मी दिलं, आणि मी तर इथलीच. पायाशी काय येतं, एवढं लोलोंना विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्यांनी साल खिशातच कोंबली आणि त्या वॉर्डाकडे निघाल्या. चालता चालता म्हणाल्या, "तूही पुढच्या वेळी पाय किती ते विचार. सहा की दोन."

औषध थांबलं. एक रात्र गेली, दुसरी गेली. तिसऱ्या सकाळी लोलोंनी पेज मागितली, वर मीठ कमी म्हणून नेनिताला टोमणाही मारला. ती रडत रडत भांडली.

पायाशी पक्षी मात्र त्यांना अजून दिसत होते, म्हणून बाईंनी लोलोंच्या डोळ्यांत बॅटरी धरली. मोतीबिंदू दुधासारखा दाटला होता. "वेडबिड काही नाही," त्या नेनिताला म्हणाल्या. "डोळ्यांना दिसेनासं झालं की मन आपल्या पदरचं दाखवतं."

संध्याकाळी अमिहान स्टूल ओढून बसली. "आज किती आलेत, लोलो?"

"बरेच. पांढरे, लांब मानेचे. मिठागरातलेच असावेत."

"मोतीबिंदू काढला तर बहुतेक येणार नाहीत."

लोलोंनी विचारलं, "नेनिताचे केस पांढरे झालेत का गं?"

"थोडे."

"मग काढू. पण आज नको." त्यांनी बोटाने खूण केली. "जरा सरक, दाय. त्यातल्या एकावर बसलीयस तू."

अमिहानने स्टूल उचललं, आवाज होऊ न देता, आणि भिंतीला लागून ठेवलं.