कानाशी धरलेला क्रॅकर

काका क्रॅकर आधी कानाशी धरायचे आणि मग मोडायचे. कट्! डोळे मिटून ऐकायचे, मान डोलवायची आणि निकाल द्यायचा, "बोलतंय." आवाज बसका आला तर म्हणायचे, "मुकं आहे. भट्टी बघा." क्रॅकरला ते शेवटपर्यंत बिस्कीटच म्हणाले. खाल्लं मात्र एकही नाही. "मला चिवडा आवडतो," म्हणायचे.

नव्वदच्या दशकात मी नेपरव्हिलजवळच्या एका क्रॅकरच्या कारखान्यात फूड टेक्नॉलॉजिस्ट म्हणून लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि तीही अमेरिकेत एमएसपर्यंत. याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवायची सवय नाही. काका पॅकिंग लाइनचे सुपरवायझर होते. पहिल्याच दिवशी लंचरूममध्ये माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून समोर येऊन बसले.

"जय भीम, पोरी. गाव कोणतं?"

"जय भीम, काका. अकोला."

"मी नागपूरचा. उघड डबा, बघू तर काय आणलंस."

सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणायचा. लाइनवरच्या अमेरिकन बायकांना ते त्यांचं नावच वाटायचं. त्यांच्या कपाटावर 'मिस्टर काका' अशी चिठ्ठी होती.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कॅरिबियनमधला एक बेटांचा देश. तिथे गहू पिकत नाही, पण क्रॅकरशिवाय सकाळ होत नाही. चहाबरोबर क्रॅकर, सूपमध्ये क्रॅकर, पोट बिघडलं तर क्रॅकर, आणि वादळाचा इशारा आला की घरात आधी येतो तोही क्रॅकर. आमचा माल ट्रेलरने फ्लोरिडाच्या बंदरात जायचा, तिथून जहाजाने मोठ्या बेटावर, आणि तिथून होड्यांनी लहान लहान बेटांवर. टेबलामागच्या नकाशावर मी हा सगळा रस्ता टाचण्या लावून दाखवला होता. काय थ्रिल होतं त्यात! बाहेर बर्फ पडतोय, आणि आपण भाजलेला क्रॅकर तिकडे नारळाच्या सावलीत कुणीतरी चहात बुडवणार!

माल जायचा पत्र्याच्या मोठ्या डब्यांतून. डबे जड, आणि खाऱ्या हवेने गंजायचे. मी चार्ट काढले, टेस्ट केल्या आणि मॅनेजरला पटवलं, की डबे बंद करा, तेवढाच माल मोठ्या प्लास्टिकच्या पाकिटात भरा. माझं पहिलं मोठं प्रपोजल मंजूर झालं! मी पार्किंग लॉटमध्ये अक्षरशः उडी मारली.

काका एवढंच म्हणाले, "पाकीट छान आहे. झाकण कुठे आहे?"

"काका, पाकिटाला झाकण कशाला?"

"सहज विचारलं गं, टेक्नॉलॉजिस्टबाई."

दोन कंटेनर गेले आणि तिसऱ्याच्या आधी तिकडच्या आयातदार बाईंचा फॅक्स आला. क्रॅकर सादळलेले आहेत, दुकानदार परत करतायत. पुढचा माल चांगला आला नाही तर त्या दुसऱ्या कारखान्याकडे जातील. मॅनेजरने तो फॅक्स माझ्यासमोर ठेवला. ती ऑर्डर गेली की एक्सपोर्ट लाइन बंद, माझी नोकरी बंद, आणि माझा व्हिसा त्या नोकरीवर होता. अकोल्याला आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की पोरगी अमेरिकेत साहेब झाली.

मी जहाजाच्या प्रवासातच दोष शोधत बसले. कंटेनरमधली वाफ, बंदरावरचं ऊन, होडीतलं पाणी. काकांनी मात्र चार पाकिटं उचलली आणि घरी नेली. शनिवारी मला फोन, "ये लवकर!"

गेले तर बाथरूमचं दार बंद, आत गरम पाण्याचा शॉवर सुरू, आणि दारात काकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

"बघ गं बाई! सकाळपासून बिस्किटांना अंघोळ चाललीय. मला केव्हा मिळणार ते विचार यांना."

"अगं, बेटावरची हवा केलीय आत," काका म्हणाले. टॉवेलने पाकीट पुसून त्यांनी फोडलं, एक क्रॅकर कानाशी धरला. कट्! "बोलतंय! बंद पाकिटाला काही होत नाही, पोरी. तुझं पाकीट पास आहे."

"मग सादळतं कुठे?"

"उघडल्यावर. आता सांग, तिथला माणूस एका वेळी किती बिस्किटं घेतो?"

माझ्या एवढ्या चार्टमध्ये हा आकडाच नव्हता. आणि एकदम मला आमच्या वस्तीतलं किराणा दुकान आठवलं. मला ताप आला की आई बिस्किटं आणायची ती चार, कागदाच्या पुडीत. अख्खा पुडा आमच्या गल्लीत कोण घेत होतं? दुकानदार बरणीतून काढायचा आणि झाकण घट्ट लावायचा. झाकण! आपण पाठवत होतो तो पत्र्याचा डबा म्हणजेच त्या दुकानांची बरणी होती, आणि ती मीच काढून घेतली होती. अमेरिकन मॅनेजरला हे सुचलं नाही, ठीक आहे. पण मला?

काकांनी माझा चेहरा पाहिला. "होतं असं," म्हणाले. "डिग्री नवीन असली की होतं."

सोमवारी बाईंना फोन लावला. त्या हसल्याच. "अख्खं पाकीट? छोट्या बेटावर? दुकानदार फोडतो आणि आठ-आठ विकतो. पूर्वी डबा तरी होता."

मी तिथल्या तिथे कागद ओढला. आठ क्रॅकरचं छोटं सीलबंद पाकीट, आणि अशी पाकिटं मोठ्या पाकिटात. मॅनेजर म्हणाला, "आठ क्रॅकर कोण विकत घेतं?"

"साहेब," काका त्यांच्या नागपुरी इंग्रजीत म्हणाले, "ही घ्यायची. मी घ्यायचो. आमच्यासारखे जगात बरेच जण आहेत."

लाइन बदलायला काका तीन दिवस मशीनखालीच होते. कंटेनर निघाला. मी नकाशावर रोज एक टाचणी पुढे सरकवायची. फ्लोरिडा. समुद्र. मोठं बेट. मग आठवडाभर काहीच नाही, आणि एका दुपारी फोन! बाई सगळ्यात लांबच्या बेटावरच्या एका दुकानातून बोलत होत्या. "सगळे गप्प बसा," म्हणाल्या. मी स्पीकर लावला. लाइनवरच्या बायकासुद्धा धावत आल्या. खरखर, लांबून कोंबड्याचं आरवणं, आणि मग—

कट्!

आम्ही एवढे ओरडलो की सिक्युरिटीवाला पळत आला. काका मात्र डोळे मिटून उभे होते. "बोलतंय," म्हणाले, "अगदी समुद्रापलीकडून."

रिटायर झाल्यावर काका-काकू मुलीकडे क्युपर्टिनोला गेले. नवी बॅच निघाली की मी फोन करायची, रिसीव्हरजवळ क्रॅकर मोडायची आणि निकाल घ्यायची. पुढे त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं. काकू म्हणायच्या, "मोठ्यांदा मोड गं."

एका डिसेंबरात असाच फोन केला. क्रॅकर हातात धरला, आणि मी मोडायच्या आधीच पलीकडून आवाज आला, "बोलतंय!" इतक्या आनंदाने, की मी तो क्रॅकर न मोडताच खाली ठेवला.

"पास ना, काका?"

"एकदम पास, पोरी."

जानेवारीत काकूंचा फोन आला. त्यानंतर निकाल मीच देते, कानाशी धरून, डोळे मिटून. तो डिसेंबरातला क्रॅकर मात्र अजून ड्रॉवरमध्ये आहे, अख्खा.