जास्तीचं तेल

बायको मुलांना घेऊन पुण्याला राहायला गेली, त्याच वर्षी हिवाळ्यात माझी बंदूक अडकायला लागली.

बायको गेली ती भांडून नव्हे. मुलीची दहावी तोंडावर आली होती. आमच्या बोरी बुद्रुकच्या मळ्यातून शाळेच्या गाडीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंच्या उसातून जाते आणि बिबट्याची मादी पिल्लं घेऊन तिथंच मुक्कामाला होती. मुलांना सोडायला-आणायला रोज कुणीतरी मोठं माणूस लागायचं. शेवटी दोघांनी मिळूनच ठरवलं की तिनं पुण्यात खोली घ्यायची आणि मी इथं शेती बघायची. ठरवताना ते सोपं वाटलं होतं.

दिवस कामात जायचा. कांद्याची लागण, पाणी, मजुरांची ने-आण. संध्याकाळी मात्र घरात टीव्हीशिवाय आवाज नसायचा. फोनवर मुलं दोन वाक्यं बोलायची आणि क्लासची वेळ झाली म्हणून आईकडे द्यायची. आईचा स्वयंपाक चालू असायचा. मी ‘ठेवतो’ म्हणायचो.

रविवारची सकाळ तेवढी माझी होती. आंबेगाव तालुक्यात एका माळावर, पाठीमागं टेकडी बघून, एका निवृत्त सुभेदारांनी परवाना काढून नेमबाजीची रेंज केली आहे. मशीन मातीची तबकडी हवेत फेकतं आणि ती खाली पडायच्या आत फोडायची, एवढाच तो खेळ. कॉलेजात असताना एनसीसीत नेम बरा होता, तो नाद राहिला. माझी बारा बोरची बंदूक सेमी ऑटोमॅटिक आहे. बार काढला की त्या बाराच्याच जोरावर ती रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढचं आपणच भरून घेते.

त्या रविवारी थंडी चांगली होती. पहिला बार निघाला, तबकडी फुटली. दुसरी उडाली, मी चाप ओढला आणि काहीच झालं नाही. नळी टेकडीकडेच ठेवून बघितलं, तर रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतच उभं अडकलं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा तेच.

माझ्या शेजारी नेहमी एक शेठ उभे असायचे. जुन्नरच्या बाजारात त्यांचं मोटारपंपांचं दुकान आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मुसलमान. त्यांची दुनळी, तिच्यात अडकण्यासारखं काही नाही. आमची ओळख रेंजपुरतीच होती. त्यांचं मत पडलं की काडतुसं हलकी आहेत, यंत्र मागं ढकलायला जोर पुरत नसेल. मला पटलं. पुढच्या वेळी जड काडतुसं आणली. दोन बार नीट निघाले, तिसऱ्याला अडकली.

मग मला माझ्या खांद्याची शंका आली. बंदूक खांद्याला घट्ट नसली तरी अशी अडकते, असं ऐकलं होतं. एकट्यापुरता स्वयंपाक करायचा कंटाळा येऊन मी बऱ्याचदा दूध-भाकरीवर भागवत होतो, अंगही उतरलं होतं. सुभेदारांना विचारून मी बंदूक शेठच्या हातात दिली. ते अंगानं भरलेले, पाय रोवून उभे राहणारे. त्यांच्याही हातात ती दुसऱ्याच बाराला अडकली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

आता राहिली साफसफाई. ती तर मी मनापासून करत होतो. त्या आठवड्यात आणखी केली. जिथं दिसेल तिथं तेल सोडलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा सोडलं, आणि बंदूक कपाटात उभी करून कुलूप लावलं. रविवारी तिनं पहिल्याच काडतुसाला दगा दिला.

शेठ म्हणाले, चला, उघडूनच बघू. पत्र्याच्या शेडमधल्या टेबलावर पोतं अंथरलं. बंदूक रिकामी असल्याची दोघांनी खात्री केली. मी पुढचं लाकूड काढलं, नळी सोडवली, यंत्र मागं ढकलणारा पिस्टन बाहेर ओढला. तो सहज निघायला हवा होता, पण काकवीतून निघाल्यासारखा निघाला. आत काळा चिकट थर बसला होता. जळलेल्या दारूची काजळी आणि तेल यांचा लगदा. मागच्या भागात तर तेल साचलं होतं. उभ्या बंदुकीतून ते रोज थोडं थोडं खाली उतरलं होतं आणि थंडीनं घट्ट झालं होतं. यंत्र मागं जायचं, पण पुरतं जायचं नाही.

शेठनी बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं.

“भाऊ, ह्याला तेल किती येळा घालता?”

“रोज.”

“रोज? बार तर तुमी आठवड्यातनं एकदाच काढता.”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “संध्याकाळी दुसरं काय करायचं?”

ते हसले नाहीत. फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं, पिळलं, अर्धं फाडून माझ्या हातात दिलं. घरी कोण कोण असतं, हे त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, आणि मीही पहिल्यांदा सांगितलं. दोघं मिळून एकेक भाग कोरडा होईपर्यंत पुसत बसलो. शेवटी त्यांनी बोटाच्या टोकावर एक थेंब घेतला, पिस्टनच्या वाटेवर फिरवला आणि तेलाची बाटली माझ्या पिशवीत तळाशी टाकली.

त्यानंतर बंदूक चालली. काडतुसं एकामागून एक उजवीकडे गवतात पडत गेली. शेवटची तबकडी टेकडीच्या उंचीवर फुटली तेव्हा मी उगाच मागं वळून बघितलं. मागं रिकाम्या खुर्च्या होत्या.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आणि मुलाला ताप आहे म्हणाली. आम्ही तापाविषयी बोललो.

अडचण पुढच्या दिवसापासून सुरू झाली. संध्याकाळ झाली की मी कपाटापाशी जायचो आणि परत फिरायचो, कारण आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा किल्ली लावून दार उघडलंही. बंदूक कोरडी, स्वच्छ होती. दार लावून टाकलं. बाहेर येऊन ओट्यावर बसलो. उसात मोर ओरडत होते, लाईट गेलेली होती.

तसे तीन-चार दिवस काढले. मग एका संध्याकाळी मोटारपंपाचा कॅपॅसिटर आणायचा म्हणून जुन्नरला गेलो. जुना अजून चालत होता. शेठ गल्ल्यावर होते. त्यांनी कॅपॅसिटर दिला, पैसे घेतले आणि मी निघेना तेव्हा पायानं एक स्टूल पुढं सरकवलं. गिऱ्हाईक येत-जात होतं. आमचं बोलणं असं काही झालं नाही. चहा आला, तो प्यालो. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं तेव्हा मी उठलो.

“उद्या बी या,” ते म्हणाले. “काही घ्यायचं नसलं तरी या.”

मी हो म्हणालो आणि गाडीला किक मारली. गावाकडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू घरी आलो. दार उघडून दिवा लावला.