आतून लावलेला बिल्ला

ह्यांच्या शर्टावर ती पिन पहिल्यांदा पाहिली तेव्हा, खरं सांगते, मला हसू आलं. गणपतीच्या रजेवर आले होते. भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सीतून उतरले तर दोन्ही हातांत बॅगा, शर्ट घामाने चिकटलेला आणि छातीवर हे चकचकीत काहीतरी. म्हटलं, "हे काय, वर्गाचे मॉनिटर झालात की काय?" हे हसले नाहीत. बॅग खाली ठेवून आधी पिन जागेवर आहे ना ते बोटांनी चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. घरात अजून लँडलाइन होता आणि हे आखातातल्या एका बंदरावर आगीच्या बंबावर कामाला होते. इथे मी आणि सासूबाई, दोघीच. सासरे गेल्यावर रत्नागिरीचं घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना आई म्हणायची. भांडायचोही आईसारखंच.

तर ती पिन. रुपयाच्या नाण्याएवढी, मध्ये पंख पसरलेला पक्षी, खाली त्यांच्या भाषेतली अक्षरं. तिथल्या सरकारने दिलेली. परदेशी माणसाला असा मान सहसा मिळत नाही. हे सांगायचे, पिन नसते तेव्हा गेटवरचा पोलीस बोटानेच "ए, इकडे ये" करतो. पिन असली की तोच पोलीस बाजूला होऊन वाट देतो. ह्यांना त्याचं फार कौतुक. मला मात्र पुढचं ऐकून घाम फुटला. पिन ज्याची त्यानेच लावायची, दुसऱ्याच्या अंगावर दिसली तर गुन्हा. हरवली तर त्याहून मोठा गुन्हा, कारण ते त्यांचं राजचिन्ह. परदेशी माणसाने ते विकलं असंच आधी धरून चालतात. रजेवरून परत गेल्यावर पहिल्याच दिवशी पिन लावून साहेबासमोर उभं राहायचं. ह्यांच्या खोलीतल्या एकाने हौसेने आपली पिन मित्राला लग्नात मिरवायला दिली होती. दोघेही आत गेले. एकाला त्याच्या देशात पाठवून दिलं, दुसऱ्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

"मग कशाला आणलीत इथे? तिथेच कुलपात ठेवायची!" मी ओरडलेच.

"अगं, आईला दाखवायची होती."

आईंना त्यांनी सांगितलं होतं की गाडी नीट चालवतो म्हणून बक्षीस मिळालं. खरं काय ते मला फोनवर कळलं होतं, पिनेचा तेवढा उल्लेख नव्हता. बंदरावरच्या एका गोदामाला आग लागली होती, बाकीचे पाण्याचा पाइप धरून बाहेर उभे होते, आणि हे महाशय आत शिरून दोन माणसांना ओढून घेऊन आले. डाव्या हातावर कोपरापर्यंत कातडी भाजली. तो डाग आईंनी बघितला तेव्हा ह्यांनी बिनदिक्कत सांगितलं, सायलेन्सरला हात लागला. मीही मान डोलावली. म्हातारीच्या जिवाला घोर कशाला! आणि एक गोष्ट तर ह्यांनी मलाही सांगितली नव्हती. सहज बोलता बोलता तोंडातून निसटली. ज्याच्या छातीवर ती पिन, त्याला पुढच्या आगीत पहिला आत पाठवतात. जसा मान तसा धोका, असं त्यांच्याकडे धरतात म्हणे.

गणपती बसले. आरतीला मजल्यावरची सगळी माणसं यायची. समोरच्या गुजराती भाभींचं लक्ष पहिल्याच दिवशी पिनेवर गेलं. "भाईसाब, ये क्या मेडल मिला है? बताओ ना सबको!" झालं. एवढी माणसं समोर बसलेली, हातात खिरापत, आणि सगळ्यांचे डोळे ह्यांच्यावर. मी डोळे वटारले, पण बघतोय कोण? ह्यांनी सुरुवात केली ती गोदामाच्या दारापासून. धूर कसा होता, छत कसं कडकडत होतं, दुसऱ्या माणसाला बाहेर आणलं आणि मागे सगळं कसं कोसळलं. माणसं वा वा करत होती. स्वयंपाकघराच्या दारात आई उभ्या होत्या, हातात आरतीचं ताट. ताट हलत नव्हतं, पण निरांजनाची ज्योत थरथरत होती.

आमच्या घरची एक रीत आहे. वर्षभरात जे काही मोठं घडेल ते विसर्जनापर्यंत बाप्पाजवळ ठेवायचं. दहावीचं गुणपत्रक, नव्या गाळ्याची चावी, पहिला पगार, काहीही. कुणीतरी म्हणालं, "मग ही पिन बाप्पालाच लावा की!" आणि ह्यांनी ती काढून बाप्पाच्या उपरण्याला लावली. पिन दुसऱ्याच्या अंगावर लावायची नाही ना? मी कानात पुटपुटले तर म्हणतात, "अगं वेडे, बाप्पा काय दुसरा आहे?"

गौरींबरोबर विसर्जन. उत्तरपूजा झाल्यावर बाप्पाचे दागिने उतरवायचं काम दरवर्षी माझं. त्या दिवशी आई म्हणाल्या, "तू शिदोरीचं बघ, मी काढते." चांदीच्या दूर्वा, मोदक, कंठी, सगळं त्यांनी डब्यात भरून मला दिलं. मी डबा कपाटात टाकला. ढोल वाजत होते, खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता. जेसल पार्कला खाडीवर बाप्पाला पोचवून, डोळे पुसत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी डबा उघडला. एकेक वस्तू काढून गादीवर मांडली. मग सगळ्या परत डब्यात टाकून पुन्हा काढल्या.

"पिन कुठाय?"

अहो, काय सांगू! मला वाटलं होतं ह्यांनी काढली, ह्यांना वाटलं मी. आईंना विचारलं तर त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हारांखाली ऱ्हायली आसंल." म्हणजे पिन बाप्पाबरोबर खाडीत गेली! लगेच उद्याचं विमान. साहेबाला काय सांगणार? की तुमचं राजचिन्ह मी पाण्यात बुडवलं? मला डोळ्यांसमोर गज दिसायला लागले. कुठल्या परक्या देशातल्या गजांमागे हे बसलेत आणि मी इथून फोन लावतेय, आणि पलीकडून कुणीतरी माझ्या न कळणाऱ्या भाषेत बोलतंय.

ओहोटीला आम्ही दोघं खाडीवर गेलो. ते दृश्य मी आजही विसरलेले नाही, आणि आठवायला मला आवडतही नाही. चिखलात मूर्ती पडलेल्या. कुणाचा हात, कुणाची सोंड, रंग धुऊन पांढरे पडलेले चेहरे. ह्यांनी पँट वर दुमडली आणि शिरले चिखलात. प्रत्येक मूर्तीला आधी हात जोडायचे, मग तिच्या गळ्यापाशी चाचपायचे. मी काठावर उभी राहून देवाची माफी मागत होते आणि देवालाच शिव्याही देत होते. होडी बांधायला आलेला एक कोळी दादा बराच वेळ बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "न्हाय गावाचा आता, दादा. खाडीन गेलेला परत न्हाय येत." पाणी चढायला लागलं तेव्हा हे बाहेर आले. तळव्यात लोखंडी सळी घुसली होती, रक्त चिखलात मिसळून काळं दिसत होतं. आगीत न घाबरलेला माणूस, पण त्याच्या दातावर दात आपटत होते.

घरी आलो. आईंनी दार उघडलं, मुलाला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी काही आत गिळून ठेवणारी बाई नाही. भडाभडा बोलले, "नाही सापडली! आता तुमच्या मुलाला तिथे तुरुंगात टाकतील, कळलं? बघत बसा मग तुम्ही आणि मी!"

"तुरुंगात?" आई म्हणाल्या. "बिल्ला न्हाय म्हून तुरुंगात?"

"मग काय आरती ओवाळतील?"

त्या भिंतीला धरून खाली बसल्या. मग कनवटीला हात घातला, मिश्रीची डबी काढली आणि उघडली. मिश्रीच्या काळ्या पुडीत तो पक्षी पंख पसरून पडला होता.

मी इतकी चिडले की डबी त्यांच्या हातातून हिसकावूनच घेतली. हे जमिनीवरच बसले, चिखलाने माखलेले, आईंसमोर. "आई, का गं?"

"मना वाटलं, बिल्ला न्हाय तर कामावं घेनार न्हाईत. घरी ऱ्हाशील." त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "आगीत जायचा परवाना हाय ह्यो, पोरा. त्या दिशी तू सांगत व्हतास आन् लोक वा वा करत व्हते. मना तर तुझा हात जळतानाचा वास आला."

माझा सगळा राग तिथेच विरला. कारण मलाही तोच वास येत होता, फोनवर ऐकल्यापासून, रोज. दोघी एका छताखाली राहून एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि एकमेकींशी बोललो नव्हतो. मी गजांना जास्त घाबरले, त्या आगीला. एवढाच काय तो फरक.

ह्यांनी आईंच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "आई, आता मला ऑफिसात बसवलंय. आगीबिगीत नाही जावं लागत." इतकं सफाईदार खोटं! मी तोंड फिरवलं.

निघायच्या दिवशी आईंनी पिन धुतली, पुसली आणि म्हणाल्या, "मी लावते." ह्यांनी शर्ट पुढे केला. लावताना आईंना दोनदा टोचलं. पण त्यांनी पिन छातीवर लावली नाही. खिशात हात घालून आतल्या बाजूने लावली, पक्षी ह्यांच्या अंगाकडे. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"उलटी लागली, आई," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे तशीच. दिसली न्हाय तर फुडं बोलवनार न्हाईत."

पोचल्यानंतर पहिला फोन आला तो दिवेलागणीला. मी उचलायच्या आत आईंनी उचलला. एरवी त्या जेवलास का, झोपलास का, पाऊस आहे का, सगळं विचारत. त्या दिवशी एकच विचारलं, "आत हाय ना?"

"आतच आहे, आई," ह्यांचा आवाज मलाही ऐकू आला. साहेबासमोर उभे राहून आले होते हे. पिन शर्टाच्या कुठल्या बाजूला असणार ते मला माहीत होतं.

आईंनी फोन माझ्या हातात दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या. हे म्हणाले, "सगळं ठीक झालं गं, काही विचारलं नाही," आणि तेवढ्यात पलीकडे घंटा सुरू झाली. मोठी, थांबायचं नाव न घेणारी. कुणीतरी ओरडलं, पळणाऱ्या बुटांचा आवाज आला. "ठेवतो," एवढंच म्हणून ह्यांनी फोन ठेवला.

माझ्या कानाशी नुसतं टूं टूं. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"घंटा कसली गं वाजली?"

"शाळा असेल जवळ," मी म्हटलं. "सुटली असेल."

आईंनी मान डोलावली. मग देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि नुकत्याच तेल घातलेल्या समईत परत तेल ओतायला लागल्या. ते काठावरून सांडायला लागलं तरी त्या थांबल्या नाहीत, आणि मीही त्यांना थांबवलं नाही.