बोल कोनचा?

चांगुणामावशी गेल्याचं मला कळलं ते दवाखान्यात, एका खोकल्याच्या पेशंटकडून. कामणहून आलेली बाई होती. मी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावलेला असताना ती सहज म्हणाली, "आमच्याकडची ती चांगुना वारली, चिंचोटीची. बालंतनींना चोलायची ती. बारावा पन झाला." मी तिला लांब श्वास घ्यायला सांगितलं. तिने घेतला, सोडला, आणि मला काहीच ऐकू आलं नाही... पुन्हा घ्यायला लावला. औषध लिहून दिलं, पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दुपारी जेवताना नवऱ्याला बातमी सांगितली, तर तो म्हणाला, "कोण? ती चुकीचं औषध दिलेली?" इतक्या वर्षांनंतर माझ्याच घरात मावशीची एवढीच ओळख उरली होती, आणि ती ओळख मीच करून दिली होती.

मी मूळची सांगलीकडची. आयुर्वेदाची पदवी घेऊन, लग्न करून वसईला आले तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला जिकडे तिकडे बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. एकीच्या तळमजल्यावर मी दवाखाना थाटला. प्रत्येक बिल्डिंगीत दोन-चार नवी लग्नं, म्हणजे वर्षा-दोन वर्षांत तितक्याच बाळंतिणी. कुणाचं माहेर लांब, कुणाची सासू गावी, आणि न्हाऊमाखू घालायचं कुणी हा प्रश्न घरोघरी. त्याचं उत्तर सकाळच्या एसटीने चिंचोटीहून यायचं. गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेलं लुगडं, हातात पितळी कडीचा डबा आणि काखेत फडक्यात बांधलेलं एक खापर. सगळे तिला चांगुनामावशी म्हणत. मी तेवढी 'चांगुणामावशी' म्हणायचे, ण ठासून. मला वाटायचं, मी तिला मान देते आहे.

माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आईला येता येईना. मग मावशीच आली. सव्वा महिना, एकही दिवस खाडा नाही. मी बाळंतिणीच्या परिचर्येवर कॉलेजात पाच मार्कांचं उत्तर घोकून घोकून लिहिलेलं. अभ्यंग करावे, उदरास पट्ट बांधावा, धूपन करावे. पट्टा बांधायला सुरुवात कुठून करायची, हे त्या पाच मार्कांत कुठेच नव्हतं. मावशीने स्वतःचं जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं लुगडं उभं फाडलं, मला आडवं केलं, आणि खालून वर आवळत आणलं. "श्वास सोड बाय. पूर्ण सोड. आता बांधतंय." पोटातली ती भयंकर पोकळी, जिच्याबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते, एकदम कुणीतरी हातात धरल्यासारखी झाली आणि मला रडू आलं. ती तेलाचे हात लुगड्याला पुसत म्हणाली, "रड. तुमी शिकलेल्या, पन अंग अडानीच हाय तुमचं." मी रडता रडता हसले.

ते खापर कशासाठी, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं होतं, म्हणजे डोळ्यांनी. काढ्याचं सामान आणलं की मावशी गॅलरीत शेगडीतला एक निखारा त्या खापरावर घ्यायची, पुडीतला एखादा खडा त्यावर टाकायची आणि नाक पुढे करून बसायची. मला वाटलं, दृष्ट काढत असेल. नवऱ्याला मी तशी नक्कलही करून दाखवली, नाक पुढे काढून. एकदा तिनेच आपणहून सांगितलं, "चांगला बोल धूर देतं, वास देतं. दुसरा पघलतं." बोळ हे काढ्यातल्या त्या औषधाचं नाव तिला म्हणता यायचं नाही. ळ तिच्या जिभेवर नव्हताच. कातबोळ घेतल्याने बाळंतिणीचं अंग कसं भरून येतं, हे ती सांगू लागली की 'कातबोल' म्हणायची आणि आमच्या दवाखान्यातली कंपाउंडर पोरगी तोंडाला ओढणी लावायची. मीही हसायचे. वर तिला सुधारायचे, लहान मुलांना सुधारतात तशी.

पुढे मीच माझ्या बाळंतिणींकडे तिला पाठवू लागले. लोकांना ते आवडलं. डॉक्टरची देखरेख, मावशीचे हात. मग माझ्या अंगात शिस्त आली. बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवायची नाही, हा पहिला नियम. तो चूक नव्हता. दारंखिडक्या लावून घेतलेल्या खोलीत तान्ह्या बाळाजवळ धूर नको, हे मी आजही सांगेन. पण त्या शेगडीतला निखारा मावशी आणखी कशाकशाला वापरते, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. दुसरा नियम, मावशीने तिच्या नेहमीच्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून उघड्या पुड्या आणायच्या नाहीत. चिठ्ठी मी देणार, सामान स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून यायचं. मावशी मान डोलवायची. खापर मात्र ती फडक्यात बांधून आणतच राहिली, निखारा नसला तरी.

आमच्या मागच्या सोसायटीत वर्षा नावाची मुलगी बाळंत झाली, तेव्हाची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहिली. कात, बोळ, आणखी दोन-तीन जिन्नस. दवाखाना भरलेला होता. मावशीने चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, कंपाउंडरने तिला ती वाचून दाखवली. मग मावशी पुन्हा माझ्या टेबलाशी आली. "बाय, बोल कोनचा?"

मी मान वरही केली नाही. म्हटलं, "बोल नाही मावशी. बोळ."

बाकावरच्या दोघी-तिघी हसल्या. मावशीही थोडी हसली, चिठ्ठी पदराच्या टोकात बांधून गेली. तिने विचारलं होतं, कोणता? मी उत्तर दिलं, अक्षर कोणतं. बाळंतिणीच्या काढ्यात जातो तो हिराबोळ, झाडाचा सुगंधी डिंक. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस, जुलाबाचं औषध. बाळाचं पोट फुगलं की आयाबाया तो उगाळून वरून लावतात, आणि त्या मोठ्या दुकानात नुसता 'बोळ' मागणारं गिऱ्हाईक बहुतेक त्यासाठीच यायचं. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, जे नेहमी देतो ते दिलं. हे सगळं मला पदवीपासून ठाऊक होतं. मावशीला पदवीशिवाय ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्षाला बघायला गेले, तर मावशी स्वयंपाकघरात पुडी हुंगत उभी. हळूच म्हणाली, "बाय, ह्याचा वास येगला येतंय. निखारा असता तर बघितला असता." वर्षाची सासू तिथेच होती. तिच्यासमोर मला कुणी शंका विचारलेली आवडली नाही, एवढंच खरं कारण. मी म्हटलं, "मावशी, दुकान मोठं आहे आणि चिठ्ठी माझी आहे. तुम्ही काढा करा." पुडी मी हातातसुद्धा घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी वर्षाच्या पोटात मुरडा आला. तिला जुलाब, आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही. दोन दिवस बाळ नर्सिंग होममध्ये सलाइनवर होतं. ते बरं झालं, हे लगेच सांगते. आज ते कॉलेजात जातं. पण त्या संध्याकाळी हे कुणाला माहीत नव्हतं. मी वर्षाच्या घरी धावत गेले, पुडी उघडली, आणि काळे चकचकीत खडे पाहताक्षणी कळलं, हा हिराबोळ नाही. सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टर, ह्या बाईने भलतंच काहीतरी आणलं ना?" मावशी दाराशी उभी होती. चिठ्ठी तिच्या पदराच्या गाठीत होती, मला ती गाठ दिसत होती. मी म्हणाले, "मावशींना वाचता येत नाही ना..."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते किती वेळा मनात घोळवलं आहे, आणि दर वेळी ते तितकंच खरं आणि तितकंच नीच वाटतं. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता गाठ सोडेल. तिने गाठीवर नुसता हात ठेवला. मग चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली होती. चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "हा तुमचा कागद. कोनाला गावायला नको." मग तिने विचारलं, "बालाला बरं हाय ना?" मी हो म्हटलं. ती गेल्यावर मी चिठ्ठी फाडली, बारीक बारीक तुकडे करून. नवा दवाखाना होता, नाव होत होतं, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. ती आज इथे मांडायलासुद्धा जीभ रेटत नाही.

बातमी एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत गेली. महिन्या-दोन महिन्यांत मावशीला बोलावणं यायचं बंद झालं. मला कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "वय झालंय आता त्यांचं." आणि मग एक दिवस काहीतरी शोधताना कॉलेजची द्रव्यगुणाची वही हाती लागली. माझ्याच अक्षरात, लाल शाईने अधोरेखित केलेलं, बोळाचं संस्कृत नाव. 'बोल'. ळ नव्हे, ल. म्हणजे सबंध दवाखान्यासमोर मी जो शब्द सुधारत होते, तो मावशीच्या तोंडी मुळातच बरोबर होता. वही मिटून मी ती माळ्यावर टाकली.

त्यानंतर मावशी मला एकदाच भेटली. पावसाळ्यात आम्ही चिंचोटीच्या धबधब्याला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला, पाटीत काकड्या घेऊन बसलेल्या बायकांत ती होती. मी नजर चुकवायच्या आत तिने हाक मारली. माझ्या लेकीला जवळ ओढून तिच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "पाठ सरल हाय. मीच चोललेली." दोन काकड्या हातात कोंबल्या. पुढे गेल्यावर लेकीने विचारलं, "आई, कोण होत्या ग त्या?" मी म्हटलं, "ओळखीच्या." काकडी गोड होती, लेकीने माझीही खाल्ली.

बातमी कळल्यावर पुढच्या रविवारी मी चिंचोटीला गेले. मावशीची सून सुरेखा, माझ्याच वयाची, एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिने चहा केला. म्हणाली, "आईला तुमचा लय लला. शेवटपर्यंत बोलायची, डाक्तरीनबायनी मना मानूस मानला." मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "मना शिकाचं होतं आईचं काम. पन त्या एका पोराला तरास झाला ना, मंग आईनंच नको सांगितलं. बोलली, माझ्या हातून चुकला, तुझ्या हातून नको. मी पन घाबरले." हे ऐकून मी कपात बघत बसले. मावशीने माझी चूक नुसती लपवली नव्हती, घरच्यांपाशीही स्वतःच्या नावावर घेतली होती. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी चहा संपवला... निघताना सुरेखाने फडक्यात बांधलेलं ते खापर माझ्या हातात ठेवलं. "आठवन म्हनून ठेवा. तुमच्याशिवाय कोनाला त्याचं मोल." आणि मी ते घेतलं. घेऊन आले, आणि दवाखान्यात औषधांच्या फळीवर ठेवलं.

तीन आठवडे ते तिथे होतं. चिठ्ठी लिहायला मान खाली घातली की डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसायचं. शेवटी हे सगळं लिहून काढलं, आणि छापायला देण्याआधी पुन्हा चिंचोटीला गेले. सुरेखा ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिला हा लेख वाचून दाखवला, तिच्या घरच्या त्या चहाच्या कपापर्यंत. ती निवडता निवडता थांबली होती. वाचून झाल्यावर तिने तांदळात बोटं फिरवली. मग तिने एकच विचारलं, "म्हंजे आईनं वास वलखलेला?"

"ओळखला होता," मी म्हटलं. "मीच ऐकलं नाही."

मी माफी मागितली. ती कानावर पडली की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. सूप बाजूला सारून ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मंग तं खापर मना परत द्या."

दुसऱ्याच दिवशी नेऊन दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, मला आत या म्हणाली नाही, आणि म्हणावं असं मलाही वाटलं नाही. आता माझ्या फळीवर खापर नाही. त्याच्या बुडाची काजळी लागून लाकडावर एक काळं वर्तुळ उमटलं आहे. साफसफाई करणाऱ्या मुलीला मी तेवढी जागा पुसू नको म्हणून सांगितलंय. कुणी चिठ्ठी हातात घेऊन काही विचारलं की मी आता पेन खाली ठेवते, आणि आधी त्या वर्तुळाकडे बघते.