आत्याच्या पिकअपचा रिव्हर्स गिअर

माझ्या आत्यानं मला एकदा गाडीखाली घातलंच होतं.

चूक तिची नव्हती. माझी होती. हे आमच्या घरातही आजवर कुणाला माहीत नाही.

आत्या परवा गेली. आज रक्षाविसर्जन झालं. घरात पाहुणे बसलेत आणि मी गोठ्याच्या मागं बसून हे टाईप करतेय. चुका पोटात घाला.

तिला ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. डोक्यावर पदर, वर मामांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, मफलर, आणि गडमुडशिंगीतून कोल्हापूरला दुधाचे कॅन नेणारी ती जुनी पिकअप. मामा गेले तेव्हा सगळे म्हणाले, गाडी विकून टाक. ही बाई गाडी शिकली.

कशाला म्हणून भ्यायची नाही.

पण ते स्टेअरिंग! उभ्या गाडीत वळवायचं तर दोन्ही हात आणि अख्खा जीव लागायचा. त्यात तिचा उजवा खांदा धरला. केस विंचरताना ओरडायची.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. अंगात शहाणपण मावत नव्हतं.

"आत्या, पॉवर स्टेअरिंग बसवूया. एका बोटानं वळंल बघ. आणि गिअरबॉक्स पण बदलू, पाच गिअरचा. हा तीनचा किती रडतोय."

"रडू दे की. तुझ्या मामाचा हाय त्यो."

शेवटी खांद्यानंच तिला हरवलं.

गाडी महिनाभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींच्या गॅरेजात खोलून पडली. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी आणून अंगणात लावली, तोंड घराकडं. जाताना मला म्हणाले, "ताई, रिव्हर्सची जागा बदललीया. आत्यास्नी चार दिवस मोकळ्या माळावर सवय करून द्या."

मी हो हो म्हटलं.

जुन्या गाडीत रिव्हर्स डावीकडं वर होता. नव्या गिअरबॉक्सात तिथं पहिला गिअर. रिव्हर्स गेला उजवीकडं खाली.

मी तिला हे कुठं शिकवलं? चुलीपुढं. ती भाकरी थापत होती. परातीतल्या पिठात बोटानं गिअर काढून दाखवले. तिनं मान हलवली आणि त्याच पिठावर पुढची भाकरी थापली.

झालं माझं ट्रेनिंग.

दुसऱ्या दिवशी पूजा. हार घातला, हळदीकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आत्या चढली. इंजिन चालू केलं. गाडी मागं जाऊन रस्त्याला लागणार होती, म्हणून मी निर्धास्त पुढंच थांबले.

एक लिंबू घरंगळलं. ते नीट लावायला मी चाकापुढं खाली बसले.

"ठिवलं का?"

"ठेवलं!"

आणि गाडी पुढं आली.

अंगावर.

मला ओरडता आलं नाही. समोर फक्त बंपर, त्यावरचा झेंडूचा हार, आणि तो मोठा मोठा होत चाललेला. मागं घराची पायरी. जायला जागाच नाही.

मग बंपर एकदम बाजूला सरकला. मडगार्ड माझ्या खांद्याला घासून गेलं आणि गाडी म्हशींच्या हौदावर आदळून बंद पडली.

तिनं त्या दुखऱ्या हातानं स्टेअरिंग पुरतं फिरवलं होतं. मिस्त्री नंतर म्हणाले, "जुनं स्टेअरिंग असतं तर वळलंच नसतं, ताई."

आत्या उतरली. आधी माझ्या मुस्काटात दिली. मग मला चाचपलं, हात, पाय, डोकं. मग मातीतच बसली. तिचे हात लटलट कापत होते. मी ते कधी बघितलं नव्हतं, आणि गाडीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"जुना गिअरबॉक्स कुठं हाय?"

"भंगारात दिला."

"गिअरचा दांडा बी?"

"त्यातच गेला."

"दांडा तरी काढून ठिवायचास गं. त्यांचा हात लागल्याला."

आवाज ऐकून आई बाहेर आली. "काय झालं वो वन्सं?"

"काय न्हाय. हौदाला लागली. म्हातारी झालो मी आता."

आणि मी गप्प बसले.

त्या दिवसानंतर तिनं स्टेअरिंगला हात लावला नाही. गाव म्हणायचं, वय झालं, नजर गेली. ती ऐकून घ्यायची. मी पण ऐकून घ्यायचे. चार वर्षं.

गाडी मी चालवायला लागले. रोज पहाटे आत्या माझ्या खिडकीशी उभी राहायची.

"रिव्हर्स कुठं असतो?"

"उजवीकडं खाली."

"समोर कोण हाय?"

"कोण न्हाय."

"उतरून बघ."

रोज. पाऊस असो, थंडी असो. मी वैतागायचे. "आत्या, मागं जायचंय, पुढं कशाला बघू?"

"उतर म्हणतो न्हवं."

तिला गाडीची भीती नव्हती. स्वतःच्या हाताची बसली होती. आणि ती मी बसवली.

मलाही बसलीच. चालू गाडीच्या पुढून मी आजही जात नाही. पेट्रोल पंपावर लांबून वळसा घालते, लोक हसतात.

दोन दिवस शेजाऱ्यांनी आमचं दूध घातलं. आज पहाटे मी म्हटलं, मी नेते.

कॅन चढवले. चावी फिरवली. दांडा उजवीकडं खाली टाकला. आणि क्लचवरचा पाय उचलेना. खिडकीशी कुणी नव्हतं.

उतरले. पुढं जाऊन बघितलं. चाकाखाली वाकून बघितलं. परत चढले, परत भीती वाटली, परत उतरले. असं तीनदा.

गावातल्या सगळ्यांनी हे वाचा. आत्यानं वयामुळं गाडी सोडली नव्हती. तिची नजर शेवटपर्यंत चांगली होती. चुकले मी, आणि नाव तिनं स्वतःचं लावलं.

आत्या, तीनदा उतरून बघितलं गं. समोर कोण न्हाय.

दूध पोचलं. तू नीट जा.