मजाजची मोजणी

"दुबईस जाणाऱ्याने मरीनातच उतरावे. शारजा हे दुबईच्या चाकरमान्यांचे केवळ झोपण्याचे ठिकाण होय. तेथे पाहण्यासारखे काही नाही, खाण्यासारखे काही नाही, आणि मद्यबंदी असल्याने संध्याकाळ नावाची वस्तूच तेथे नाही. बारा दिवसांच्या मुक्कामात ती हद्द ओलांडावी असे मला एकदाही वाटले नाही."

हा उतारा आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या गेल्या अंकातील असून लेखक माझे साडू वसंतराव आहेत. लेख वाचून दोन सभासदांनी मरीनात खोल्या राखून ठेवल्याचे कानी आले, म्हणून उत्तर देणे भाग आहे. वसंतरावांनी 'हद्द' हा शब्द तरी वापरावयास नको होता. माझी चौतीस वर्षे जमिनीच्या मोजणीत गेली. हद्द कोणी ओलांडली आणि कोणी नाही, हे ठरवण्याचेच मला वेतन मिळत असे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि सौ. सुमन पुण्याहून निघालो. विमान खाली येऊ लागले तेव्हा पिवळसर वाळूतून एकाएकी मनोरे उगवलेले दिसले आणि माझ्यासारख्या माणसानेही खिडकीच्या काचेला नाक लावले, हे कबूल करतो. विमानतळावर चिरंजीव निखिल उभा होता. सामान गाडीत टाकताना तो म्हणाला, "बाबा, पहिले चार दिवस मरीनात सोय केली आहे. मग घरी जाऊ."

"का रे? घर कोठे गेले?"

"वसंतकाकांनी लिहिलंय ना. तुम्हाला काही कमी पडायला नको."

मी हरकत घेतली नाही. प्रतिपक्षाची जमीन आधी मोजावी, हा आमच्या कामाचा शिरस्ता.

मरीनाला मी उणे बोलणार नाही. एकतिसाव्या मजल्यावरून खाली पाहिले की पाण्याच्या पट्ट्यात पांढऱ्या नौका ओळीने लावलेल्या दिसतात. सकाळचे ऊन समोरच्या काचांवरून आपल्या भिंतीवर येते, आणि खालून ट्राम अशी सरकते की तिचा आवाज होतो की नाही याबद्दल आम्हा पतीपत्नींत वाद झाला. मी उत्साहाने दिवसातून तीनदा फेरी मारली. माझी पद्धत सोपी आहे: वस्ती पायांनी मोजावी. दारापासून कोथिंबीर किती पावलांवर, औषध किती पावलांवर, सावलीतले बाक किती पावलांवर, आणि "कसे आहात?" असे विचारणारा माणूस किती पावलांवर. मरीनात कोथिंबीर नव्वद पावलांवर मिळाली, पारदर्शक डबीत, काड्या मोजून घालाव्यात तशी. औषध दीडशेवर, बाक चारशेवर. चौथी मोजणी अपूर्ण राहिली. बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थास मी नमस्कार केला, तेव्हा त्याने कानातून काहीसे काढले, माझ्याकडे पाहिले आणि ते परत कानात घातले.

चौथ्या दिवशी निखिल सहकुटुंब आला आणि आम्हांस जवळच्याच इमारतीत एक रिकामी जागा दाखवावयास घेऊन गेला. एक झोपण्याची खोली, एक बैठक, आणि उभे राहता येईल एवढी गच्ची. अकरा वर्षांची नात रिया सर्वत्र फिरून आली आणि म्हणाली, "बट व्हेअर डू आय स्लीप?"

सूनबाई अनुजा तिला म्हणाली, "बैठकीत. सोफा कम बेड घेऊ." पण ती भिंतीकडे पाहून बोलत होती.

"भाडे किती रे?" सौ.ने विचारले. निखिलने दिरहमचा आकडा सांगितला. "म्हणजे रुपयांत?"

"आई, कन्व्हर्ट करू नकोस. झोप लागणार नाही." मग तो माझ्याकडे वळला. "येत्या रविवारी सही आहे, बाबा."

"शारजाचे घर मोठे आहे ना? मुलीची शाळा तिथे आहे. मग ही जागा कशासाठी?"

"काकांचा लेख सगळ्या नातेवाइकांनी वाचला. चुलत बहिणीने फोन करून विचारलं, तू अजून शारजातच का रे?" मग त्याने मलाच विचारले, "आणि तुम्ही, बाबा? मंडळात कोणी विचारलं तर मुलगा कुठे असतो म्हणून सांगता?"

"दुबईत," मी म्हणालो.

"सात वर्षं मी शारजात राहतो."

मी गच्चीत जाऊन तिची लांबी मोजली: दोन पावले.

त्याच संध्याकाळी आम्ही शारजास निघालो. इत्तिहाद रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. ही कोंडी रोजची आहे आणि ती लपवण्याचे मला कारण नाही. पावणेदोन तासांनी अल मजाज ही निखिलची वस्ती आली. चौदाव्या मजल्यावरचे दार उघडले तेव्हा समोर खालिद लगून (समुद्राचे आत शिरलेले, तलावासारखे पाणी) दिव्यांनी काठोकाठ भरले होते, आणि स्वयंपाकघरातून अनुजाने सकाळीच करून ठेवलेल्या वांग्याच्या भाजीचा वास येत होता. रियाने माझा हात धरला. "यल्ला, आजोबा!" यल्ला म्हणजे चला, पण त्या 'चला'त मागून ढकलणेही येते.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली आणि रिया माझी मदतनीस झाली. मी मराठीत मोजावे, तिने इंग्रजीत ताळा पाहावा. अडचण एकच. "एकोणसाठ मीन्स फिफ्टी नाइन ऑर सिक्स्टी नाइन?" ती भर पदपथावर उभी राही आणि मागून येणाऱ्या बाबागाड्या आम्हांला वळसा घालून जात. चौथ्या दिवशी ती एकोणऐंशीपर्यंत न अडखळता पोचली, तेव्हा मी तिला भर रस्त्यात शाबासकी दिली. कोथिंबीर एकशे चाळीस पावलांवर. केरळी दुकानदार भाजीवर कढीपत्त्याचा फाटा न मागता टाकतो. औषध दोनशे दहावर. बाके पाण्याच्या कडेने इतकी आहेत की मोजणे सोडून दिले. "कसे आहात?" असे विचारणारा माणूस मात्र अवघ्या अकरा पावलांवर मिळाला: इमारतीचा नातूर (राखणदार) सोहेलभाई. तो मूळचा बांगलादेशातला, केस माझ्याइतकेच पांढरे.

आणि वसंतरावांनी नाकारलेली ती संध्याकाळ! सूर्य पलीकडे गेला की घराघरांतून माणसे पाण्याकडे निघतात. कोणी चटया आणतात, कोणी डबे, कोणी थर्मास. कारंजी उसळली की पोरे ओरडतात, आणि दरवेळी तितक्याच जोराने ओरडतात. मीही एकदा ओरडलो.

शुक्रवारी अशाच संध्याकाळी माझी फजिती झाली. सौ. बाकावर एका लखनौच्या बाईंशी बोलत बसली होती. मी पाण्याची कडा मोजत पुढे गेलो आणि परतलो तेव्हा बाक रिकामे होते. तिचा फोन माझ्याच खिशात होता. दोन्ही बाजूंना शोधले, मग जवळजवळ धावत इमारतीत आलो. सोहेलभाई मेजामागे उभा होता. मला पाहताच म्हणाला, "बाबा, मॅडम खलास."

"खलास? कब?"

"अभी. ऊपर गया."

त्यापुढचे काही क्षण मला आठवत नाहीत. आठवते ते असे की सोहेलभाईने मला स्वतःच्या खुर्चीवर बसवले, हातात गोड करक चहा (आटवलेल्या दुधाचा, वेलची घातलेला) दिला आणि पुन्हा पुन्हा सांगितले, "लिफ्ट में ऊपर गया, बाबा! वॉक खलास, घर गया!" येथे खलास म्हणजे झाले, आटोपले. ज्या भाषेत मी वाढलो तीत माणूस खलास होतो आणि वर जातो तो परत येत नाही, हे त्या भल्या माणसास कसे ठाऊक असणार! दहा मिनिटांनी सौ. स्वतःच खाली आली. "अहो, हे काय? मी मेथी निवडतेय आणि तुम्ही इथे चहा पिताय?"

पण त्या दहा मिनिटांत, चहा निवेपर्यंत, मी मेजावरची अभ्यागतांची वही चाळली. कागदपत्र समोर दिसले की वाचायचे, ही जुनी खोड. तीत जे सापडले ते शेवटी सांगतो.

रात्री जेवताना मी निखिलला विचारले, "तू मला हे सांगितले का नाहीस?"

त्याने अनुजाकडे पाहिले. ती म्हणाली, "बाबा, पाहुणा आपल्याकडे जेवला हे आपण सांगायचं असतं का?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "ते मी सांगेन. आणि रविवारी सही करायची नाही."

"मंडळात काय सांगाल?" निखिल हसत होता, पण प्रश्न खरा होता.

"छापून सांगेन."

रविवारी सही झाली नाही. त्या सकाळी आम्ही पाचहीजण लगूनच्या कडेने चाललो आणि रियाने शंभरापर्यंत मराठीत मोजले. एकोणनव्वदला तिने माझ्याकडे पाहिले, पण मी मदत केली नाही.

आता पुण्यास परतलो आहे. ज्यांनी खोल्या राखून ठेवल्या आहेत त्यांनी मरीना अवश्य पाहावे. नौका पाहाव्यात, ट्रामचा आवाज होतो का ते मला कळवावे. पण राहावयाचे कोठे, हे ज्यांची मुले तेथे आहेत त्यांनी मला विचारू नये, मुलांना विचारावे. आणि सात वर्षांची एक चूक दुरुस्त करतो: आमचे चिरंजीव शारजात राहतात.

वसंतराव या लेखासही उत्तर देतील, हे मी जाणून आहे. मरीनाची उंची, मजल्यांची संख्या, पाण्याचा रंग, सर्व काही लिहितील. त्यांनी खुशाल लिहावे. मजजवळ एकच वस्तुस्थिती आहे. त्यांच्या मुक्कामाच्या बारा दिवसांपैकी अकरा संध्याकाळी सोहेलभाईच्या वहीत त्यांची सही आहे, आणि बाराव्या दिवशी ते अबुधाबीस गेले तेव्हा अनुजाने दिलेला डबा त्यांच्याबरोबर होता. सही त्यांचीच, ते वळणदार 'व' मी चाळीस वर्षे ओळखतो. वहीत 'कोणाकडे' आणि 'कशासाठी' असे रकाने आहेत; त्यांच्या पहिल्या रकान्यात दरवेळी निखिलचे नाव आहे. इतर सगळ्यांनी दुसऱ्या रकान्यात 'भेट' असे लिहिले आहे. हद्द कधीच न ओलांडलेल्या वसंतरावांनी तेथे अकराही वेळा, ठळक इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द लिहिला आहे. त्याचे मराठी होते: घर.